पेपरानं टोकलं

इंग्रजीत 'व्हिदर' म्हणून एक शब्द आहे. अर्थ एवढाच, की कुठे, कोणीकडे निघालात. बोलताना तो आता कुणीच वापरत नाही. खुद्द लंडनात कुणी शेजाऱ्याला 'व्हिदर?' म्हणून हटकलं, तर शेजारी आधी डॉक्टरला फोन करेल. पण पेपरवाल्यांनी त्याला घरजावयासारखा सांभाळलाय. काम काडीचं नाही आणि मान पहिल्या पंगतीचा. 'व्हिदर अमुक?' 'व्हिदर तमुक?' असा मथळा द्यायचा, शेवटी प्रश्नचिन्ह ठोकायचं, की लेख तयार.

नाशकात या जावयाची सरबराई एकटे इब्राहिम कोकणी करत. 'नॉर्थ डेक्कन मेल' नावाच्या इंग्रजी पेपराच्या पंचवटीतल्या कचेरीत ते उपसंपादक होते. कचेरी म्हणजे भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एके काळी तिथे बसायला खुर्ची मिळायची मारामार असे. आता माणसं दोनच उरली होती, इब्राहिमभाई आणि पेपराची पानं जुळवणारी रोशनी. फोटो काढणारा चंदर लग्नसराईतून सवड मिळाली, तर उगवायचा.

रोशनी तोंडाची फटकळ. सकाळी आली, की पर्स टेबलावर टाकता टाकता विचारायची, "काय सर, आज कोण कुठे निघालंय?" कारण गेल्या वर्षभरात गोदावरी निघाली होती, कांदा निघाला होता, शहर बस, द्राक्षं, नाशिकची थंडी, अगदी हौशी मराठी नाटकसुद्धा निघालं होतं. सगळ्यांच्या पुढे 'व्हिदर'. कुणी कुठे पोचल्याचं मात्र कधी छापून आलं नव्हतं.

इब्राहिमभाई हसून घ्यायचे. यातली मेख त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक नव्हती. हाताशी बातमी असली, की 'व्हिदर' लागत नाही. बातमी नसली, जिना उतरायचा कंटाळा आला, चार माणसांना गाठून विचारणं जिवावर आलं, की 'व्हिदर'. आपण प्रश्न टाकायचा, उत्तर कुणी मागत नाही, आणि वर विचारी माणूस म्हणून नाव होतं. इतका सोयीचा धंदा दुसरा नाही.

जिवावर यायलाही कारण होतं. बायको जहिदा वारल्यापासून माणसांशी बोलायची त्यांची सवयच मोडली होती. मूलबाळ झालं नाही. दूधबाजाराच्या मागच्या घरात संध्याकाळी कुलूप काढून शिरायचं, सकाळी कुलूप लावून निघायचं, आणि मधल्या वेळात आवाज म्हणाल, तर कुकरच्या शिट्टीचा. चहा ते अजून दोन कप टाकायचे आणि दुसरा कप गार झाल्यावर स्वतःच प्यायचे. रविवारी तर घर खायला उठायचं. म्हणून ते रविवारीही कचेरीत येऊन बसत, आणि खालचा भांडीवाला गिऱ्हाइकांना सांगे, "बघा, याला म्हणतात कामाची निष्ठा!" निष्ठा कसली डोंबलाची. माणूस एकटेपणाला भिऊन पळत होता.

दिवाळीनंतरची गोष्ट. चंदरने एक फोटो आणला. पेठ नाक्यावर मजुरांनी गच्च भरलेली पिकअप. हरसूलकडची, पेठकडची माणसं भात झोडून झालं, की द्राक्षबागांच्या कामाला बाहेर पडतात, त्यांतलीच ही. सगळ्यांत मागे एक तरणा पोरगा, खांद्यावर गोधडीचं गाठोडं, एक पाय गाडीत, एक पाय अजून जमिनीवर, आणि मान वळवून थेट बघतोय. फोटो झकास होता आणि रविवारचं पान रिकामं होतं. इब्राहिमभाईंनी फोटो दोन्ही बाजूंनी कापून पोराला मधोमध आणलं, त्याच्या डोक्यावर पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द टाकला, 'व्हिदर?', आणि खाली आपल्याच दोन जुन्या लेखांतून स्थलांतरावर मजकूर उतरवला. पोराचं नाव काय, गाडी चाललीय कुठे, हे विचारायला कुणी नाक्यावर गेलं नाही. नाका कचेरीपासून चालत जाण्याइतका जवळ होता. मुख्य कचेरीतून शाबासकीचा फोन मात्र आला, आणि त्या आनंदात इब्राहिमभाईंनी रोशनीला कोंडाजी चिवडा खाऊ घातला.

होळी होऊन आठवडा झाला असेल. दुपारी जिन्यावर पावलं वाजली आणि दारात एक बाई येऊन उभी राहिली. पन्नाशीची, काटक, आखूड नेसलेलं लुगडं, हातात कापडी पिशवी. पिशवीतून तिनं पेपराचं पान काढून टेबलावर पसरलं. कोपऱ्यांना पिठाची खळ वाळून बसली होती, एक कोपरा फाटला होता. भिंतीवरून सोलून आणलेलं दिसत होतं.

"हे कुणी लिवलं?"

"मी," इब्राहिमभाई म्हणाले. त्यांना बरं वाटलं, खोटं कशाला बोला. पान भिंतीला लावणारा वाचक पहिल्यांदाच भेटत होता.

"मी भागीबाई. हरसूलकडची. ह्यो माझा पोरगा, किशोर."

"अरे वा! बसा मावशी. फोटो हवाय का मोठा करून? रोशनी, पाणी दे यांना."

"पाणी नको. तुम्ही माझ्या पोराला टोकलं."

आता टोकणं म्हणजे काय, हे नाशिकच्या माणसाला शिकवायला नको. घरातून पाऊल उचललेल्या माणसाला 'कुठे निघालास?' म्हणून विचारू नये. अगदीच राहवलं नाही, तर 'लांब का?' म्हणावं. नाहीतर काम फिसकटतं, नाहीतर माणूसच परत येत नाही. शिकलेली माणसं याला हसतात आणि स्वतःच्या घरी बरोबर पाळतात.

भागीबाई उभ्या उभ्याच बोलली. शाळेतल्या गुरुजींनी हे पान तिला आणून दिलं होतं. किशोरचा फोटो, तोही इंग्रजी पेपरात! तिनं ते दारासमोरच्या भिंतीला चिकटवलं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं, फोटोतल्या पोरावरून कडाकडा बोटं मोडली. मग होळी आली.

"आमच्याकडं होळीला मेलेला तेवढा येत नाय, साहेब. बाकी झाडून सगळी येत्यात. किशोर नाय आला. फोन बंद सांगतो. संगतीची पोरं म्हणली, बागंचं काम सरलं आन् तो कुणासंगं गेला. पोलीस म्हणले, जाणता हाय, येईल. मंग मी गुरुजींना म्हणलं, माझ्या पोराच्या डोक्यावर हे येवढं काय लिवलंय? त्यांनी सांगितलं, 'कुठं निघालास?' आसं लिवलंय."

तिचा आवाज फाटला.

"मी आई आसून इचारलं नाय. काळजात लय होतं, पण तोंड दाबून धरलं. पाय उचलला व्हता त्यानं. आन् तुम्ही इचारलं! येवढ्या मोठ्या अक्षरात! साऱ्या जिल्ह्याला दिसंल आसं!"

रोशनीला हसू फुटलं. लगेच तिनं तोंडावर हात दाबला आणि पाणी आणायच्या निमित्तानं आत पळाली.

"मावशी, ते किशोरला नाही हो विचारलं," इब्राहिमभाई समजुतीच्या सुरात म्हणाले.

"मंग कुणाला?"

"म्हणजे... सगळ्यांनाच. सरकारला. समाजाला."

"त्यांनी काय सांगितलं?"

इब्राहिमभाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कुणीच नाही सांगत, मावशी. ते नुसतं लिहायचं असतं. उत्तर घ्यायचं नसतं त्याचं."

"मंग इचारलं कशाला?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच कळत नव्हतं, आणि ती खरंच विचारत होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, ना संपादकाने, ना वाचकाने. शरमेनं कान तापले.

"तुम्ही टोकलं," भागीबाई पानाची घडी घालत म्हणाली, "आता तुम्हीच आणा." घडी तिनं पिशवीत न ठेवता त्यांच्या टेबलावर ठेवली. रोशनीनं तिचा फोन नंबर लिहून घेतला, आणि बाई हरसूलची गाडी गाठायला निघून गेली.

"सर, मनाला लावून घेऊ नका," रोशनी म्हणाली. "टोकल्यानं काय होतंय? अंधश्रद्धा आहे सगळी."

ते कळत होतंच. पण जहिदासुद्धा पाळायची हे. इब्राहिमभाई बाहेर निघाले, की 'किधर' हा शब्द तिच्या तोंडून कधी यायचा नाही, कणीक मळता मळता ती आतून ओरडायची, "खाने को आओगे ना?" इतकंच. तेवढ्यात सगळं यायचं. त्या संध्याकाळी त्यांना जेवण गेलं नाही. पोरगं खरंच कुठे मरून पडलं असेल तर? विहिरीत, नाहीतर एखाद्या ट्रकखाली? मथळ्यानं कुणी मरत नाही, हे त्यांनी स्वतःला दहादा समजावलं. पण त्या बाईनं तोंड दाबून धरलं होतं, आणि आपण बसल्या जागी, नुसतं पान भरायला, तेच विचारून मोकळे झालो. हे काही केल्या गळ्याखाली उतरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान घेऊन पेठ नाक्यावर गेले. अनोळखी माणसाशी आपण होऊन बोलायची वेळ किती वर्षांनी आली होती! पहिल्याच घोळक्यापुढे ते घसा खाकरून उभे राहिले मात्र, चहूकडून माणसं धावली. "किती जण पायजे, शेठ?" "बांधकाम का माल उतरवायचाय?" "बायामाणसं चालतील का?" कामाला नको, एक माणूस शोधतोय म्हटल्यावर सगळे पांगले. एका म्हाताऱ्यानं तेवढं पान हातात घेतलं, निरखलं आणि म्हणाला, "आसली पोरं रोज जात्यात, बाबा. कुणाकुणाला ध्यानात ठेवावं?"

हिरमुसले होऊन ते कचेरीत आले. रोशनी म्हणाली, "सर, चंदरचा मूळ फोटो बघायचा का? तुम्ही तर दोन्ही बाजू कापल्या होत्या."

तिनं तो पडद्यावर उघडला. आणि घ्या! पिकअपच्या मागच्या फळीवर, पोराच्या डाव्या हाताला, पिवळ्या रंगात ठसठशीत लिहिलेलं: 'फकिरा, वणी', आणि खाली मोबाइल नंबर. मथळ्यातल्या प्रश्नाचं उत्तर फोटोतच होतं. पोरगं मधोमध यावं, म्हणून इब्राहिमभाईंनी स्वतःच्या हातानं ते कापून टाकलं होतं.

"या अल्ला," म्हणून ते खुर्चीत बसले. मग नंबर फिरवला.

"किशोर ना? हरसूलवाला?" पलीकडून फकिरा मोठमोठ्यानं बोलत होता, मागे गाडीचं इंजिन सुरू होतं. "बागंचं काम आटोपल्यावर मीच तर सोडला त्याला. आमच्या वणीच्या अलीकडं द्राक्षाच्या पेट्या भरायचा कारखाना हाय, तिथं. कालच दिसला व्हता. का वो, काय झालं?"

काय झालं! एक फोन. सगळी भानगड एका फोनाची होती. दिवाळीनंतर तो केला असता, तर भागीबाईची होळी गोड झाली असती. इब्राहिमभाईंना स्वतःचा इतका राग आला, की त्यांनी डबासुद्धा न घेता थेट वणीची एस्टी पकडली. फोनवरून काम भागलं असतं. पण नुसत्या फोनावर त्यांचा स्वतःचाच विश्वास उरला नव्हता. पोरगं डोळ्यांनी बघायचं होतं.

कारखाना म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची मोठी शेड. फाटकावरच्या माणसानं आत निरोप धाडला आणि थोड्या वेळानं किशोर बाहेर आला. केसांवर प्लॅस्टिकची निळी टोपी, हाताला द्राक्षांचा चिकटा, फोटोतल्यापेक्षा अंगानं जरा भरलेला. जिता, धडधाकट. इब्राहिमभाई फाटकाजवळच्या रिकाम्या पेट्यांवर टेकले.

"कोण तुम्ही?"

त्यांनी पान पुढे केलं. किशोरनं ते उघडलं आणि खूश होऊन हसला. "मी हाय ह्यो! भारी आलाय! कोणी काढला?"

"तुझी आई घेऊन आली होती माझ्याकडे. तू मेलास की काय, असं वाटलंय तिला."

हसू गेलं. किशोर पानाकडे बघत राहिला. फोन फवारणीच्या औषधाच्या टाकीत पडला, म्हणाला. नवा घेतला, पण नंबर एकही पाठ नव्हता. होळीला कारखान्यानं सुट्टी दिली नाही. मग टोपी काढून तो म्हणाला, "दिली आसती. मीच मागितली नाय."

"का रे?"

"घरी गेलं, की परत निघायचा तरास होतो. आई अंगणात उभी ऱ्हाती आन् एक शब्द बोलत नाय. कुठं चालला, कधी येशील, काय नाय. मी पार वळणापोतर मागं बघत जातो. ती आपली खांबावानी उभी. मंग वाटतं, हिला काय, आपण आसलो काय, नसलो काय."

"अरे, पाय उचललेल्या माणसाला विचारू नये, म्हणून गप्प राहते ती."

"म्हाईत हाय मला." किशोरनं बाहीनं नाक पुसलं. "सगळ्यांच्याच आया इचारत नाय. तरी वाटतं ना."

इब्राहिमभाईंना ते वाटणं चांगलं ठाऊक होतं. त्यांनी खिशातून मोबाइल काढला, भागीबाईचा नंबर लावला आणि पोराच्या हातात दिला. रिंग वाजत राहिली. किशोरनं डोळे मिटून घेतले होते.

"कोण?" पलीकडून आवाज आला.

"आये... मी हाय."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज तेवढा येत होता. आणि मग असा काही स्फोट झाला, की फोन कानापासून लांब धरूनही सगळं ऐकू यावं.

"मेल्या! कुठं हायेस तू? कुठं ऱ्हातोस? कुठं निजतोस? जेवतोस कुठं? कोण करून घालतं तुला? कुठं व्हतास रे इतके दिवस, कुठं व्हतास?"

इतक्या वर्षांत निघत्या पोराला न विचारलेले सगळे 'कुठं' बाईनं एका दमात विचारले. आणि किशोर उत्तरं देत होता. हसत होता, डोळे पुसत होता आणि एकेका 'कुठं'चं नीट, सावकाश उत्तर देत होता. कारखान्याचं नाव सांगितलं. निजायला मागं खोली हाय म्हणाला, पत्रा तापतो पण पंखा हाय. खानावळवाली बाई वणीचीच हाय, भाकरी तुझ्यावानी नाय जमत तिला. वणीच्या गडाचा डोंगर तिथनं दिसतो का? दिसतो की. मग हात जोडलेस का? जोडतो रोज, आये. आखाजीच्या सणाला येतो. नक्की. देवाशप्पथ.

इब्राहिमभाई फाटकाच्या पलीकडे जाऊन उभे राहिले. दुसऱ्याच्या घरातलं बोलणं ऐकू नये, हे त्यांना कळत होतं. पण इतकं भरलेलं बोलणं त्यांच्या कानावर कित्येक वर्षांत पडलं नव्हतं, आणि पाय काही लांब जाईनात.

शेवटी किशोरनं फोन आणून दिला. "आई बोलायचं म्हणती."

"साहेब," भागीबाई रडून रडून घोगरी झाली होती. "फिटलं तुमचं. मी आता काय मनात ठेवणार नाय. येवढ्या उन्हात तुम्ही जातीनं गेलात."

"त्यात काय, मावशी."

"आता परत कवा पोचणार तुम्ही? लय उशीर व्हईल. घरची वाट बघत आसतील."

इब्राहिमभाई म्हणाले, "हो. बघत असतील."

"मंग निघा बिगीनं. जेवायची थांबली आसतील."

"हो हो. निघतोच."

किशोर त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आला. पान त्यानं मागून घेतलं, खोलीत लावायला. एस्टी आली. खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी हलली तेव्हा किशोर हात करत होता, आणि बरंच अंतर जाईपर्यंत तिथेच उभा होता.

कंडक्टर पंच वाजवत आला आणि त्यांच्यासमोर थांबला.

"कुठं?"

इब्राहिमभाई त्याच्याकडे बघत राहिले. 'घरी' हा शब्द ओठांवर आला होता आणि तिथेच अडला. काय झालं, त्यांनाही कळलं नाही. भरल्या गाडीत, परक्या माणसासमोर, त्यांना लहान पोरासारखं रडू कोसळलं.

कंडक्टर चपापला. शेजारच्या माणसानं सरकून त्यांना जागा करून दिली. "अहो बाबा," कंडक्टर हलक्या आवाजात म्हणाला, "बरं वाटत नाही का? कुठं जायचंय तुम्हाला? कोणी आहे का बरोबर?"

इब्राहिमभाईंनी मान हलवली आणि पैसे पुढे केले.

"नाशिक," ते म्हणाले. "एकच."